पायाखालचं सुपीरियर

सुपीरियर सरोवराच्या काठच्या बर्फाच्या गुहा बघायला आलेली माणसं चालतात ती मान वर करून. छताला लटकलेले बर्फाचे सुळे, कड्यावरून उतरता उतरता थिजलेलं पाणी, त्यातून झिरपणारा निळसर उजेड. फोटोही सगळे त्याचेच. पण सुळे काय, अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये जानेवारीत कुठल्याही घराच्या वळचणीला लटकलेले असतात. इथली खरी दुर्मीळ गोष्ट आहे पायाखालची जमीन. ती बहुतेक हिवाळ्यांत नसतेच.

गुहा मात्र बारमाही आहेत. अपोसल आयलंड्स नॅशनल लेकशोर हा १९७० साली संरक्षित झालेला भाग. एकवीस बेटं आणि मुख्य भूमीवरची बारा मैलांची किनारपट्टी. कॉर्नुकोपिया नावाच्या छोट्या गावाच्या पुढे मायर्स बीच लागतो. तिथून किनाऱ्याने मैलभर गेलं की माविक्वे बेचे तांबडे कडे सुरू होतात आणि लाटांनी त्यांना पोखरून केलेल्या गुहा. कड्याखाली वाळू नाही, पाऊलवाट नाही, सरळ पाणी. उन्हाळ्यात कयाक वल्हवत जायचं. कड्याच्या माथ्यावरून जंगलातली एक वाट जाते, पण तिथून गुहेचं छप्पर तेवढं आपल्या पायाखाली येतं, गुहा दिसते ती अर्धीमुर्धी. समोरून, चालत, हात लावून गुहा बघायची तर तळ्यावरूनच जायला हवं. आणि तळ्याने तशी परवानगी द्यायला हवी.

हे तळं परवानगीच्या बाबतीत भलतं कंजूष. सुपीरियरचं क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून जास्त. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. एवढ्या पाण्यात उन्हाळाभर मुरलेली ऊब बाहेर पडायलाच डिसेंबर-जानेवारी उजाडतो. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. वरचा थर थंड झाला की जड होऊन खाली जातो, खालचं कोमट पाणी वर येतं. सगळं पाणी चार अंशांपर्यंत उतरल्याशिवाय पृष्ठभागावर थंडी टिकतच नाही. मिनेसोटातली आमच्या घरामागची तळी नोव्हेंबरअखेर गोठतात आणि डिसेंबरात त्यांवर मासेमारीच्या झोपड्या उभ्या राहतात, तेव्हा सुपीरियर खुशाल लाटा आपटत असतं. पुढे बर्फ धरला तरी वारा आहेच. वायव्येचं वादळ आलं की लाटा बर्फाचे तुकडे करतात. दक्षिणेचा वारा सुटला की अख्खी लादी किनाऱ्यापासून सुटून तळ्याच्या पोटात निघून जाते. सकाळी जिथे चाललात तिथे संध्याकाळी उघडं पाणी. म्हणून पार्कने एक टेलिफोन नंबरच ठेवला आहे, ‘आइस लाइन’ म्हणून. फोन लावायचा आणि रेकॉर्ड केलेला निरोप ऐकायचा. बहुतेक वेळा तो निरोप नकाराचाच असतो.

२००९नंतर सलग काही वर्षं तो नकारच होता. मग आला २०१४चा हिवाळा. ‘पोलर व्हॉर्टेक्स’, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणारा अतिथंड हवेचा भोवरा, हा शब्द त्याच जानेवारीत आमच्याकडे घरोघरी पोचला. शाळांना थंडीमुळे सुट्ट्या मिळाल्या आणि पोरांनी त्या व्हॉर्टेक्सचे जाहीर आभार मानले. मार्चच्या सुरुवातीला पंचमहासरोवरांचा ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग बर्फाखाली होता. याआधी एवढा बर्फ १९७९ साली झाला होता. एकट्या सुपीरियरचा आकडा ९५ टक्क्यांच्या वर गेला. १५ जानेवारीला पार्कने गुहांचा रस्ता खुला केला आणि १६ मार्चपर्यंत तो खुला राहिला.

त्या फेब्रुवारीत माझे आई-बाबा साताऱ्याहून आले होते. सगळे आई-वडील अमेरिकेला मे-जूनमध्ये येतात, पण बाबांना ‘खरी थंडी’ बघायची होती. आईला ती विमानतळाच्या दारातच बघून झाली. त्यामुळे गुहांना जायचं ठरल्यावर “तुम्ही या जाऊन, मी नातवाला बघते,” म्हणून ती मोकळी झाली. बरोबर तिळाच्या वड्यांचा डबा मात्र दिला. उणे वीस तापमानात तिळाची वडी दाताने तुटत नाही, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. ती खिशात, आतल्या कपड्यांच्या थरात ठेवून मऊ करायची आणि मग खायची.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य पूल आणि मोऱ्या बांधण्यात गेलं. पहाटे अंधारात निघून, डलुथला चहा घेऊन, हायवे १३ला लागलो तेव्हा रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग सुरू झाली ती संपेचना. आम्हीही त्याच रांगेच्या शेपटाला गाडी लावली आणि चालत सुटलो. लाकडी जिन्याने बीचवर उतरलो. पुढे पांढरं मैदान, त्यावर किनाऱ्याला धरून माणसांची एक लांबलचक ओळ. बाबा पहिल्या पावलाआधी थांबले. गुडघ्यात वाकून हातमोज्याने वरचं बर्फ बाजूला सारलं, खालची काळपट काच दिसेपर्यंत. मग काठीचं टोक दोनदा आपटलं.

“अगं, याला खालून आधार काय?”

“पाणी.”

“पाणी हा आधार नव्हे.”

असं म्हणाले खरे, पण चालता चालता स्वतःच हिशेब लावत गेले. बर्फ पाण्यावर तरंगतो. माणूस उभा राहिला की लादी किंचित वाकते, त्या खोलगट भागाएवढं पाणी बाजूला सारलं जातं आणि तेच पाणी वजन पेलतं. म्हणजे पाणीच आधार झाला की! स्वच्छ, सलग, काळसर बर्फ चार इंच असला तर एक माणूस चालू शकतो, मोटारगाडीला फूटभर लागतो, असा इकडचा रिवाज आहे; पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरतात. वाटेत भेटलेल्या एका रेंजरला बाबांनी माझ्यामार्फत जाडी विचारली. तो म्हणाला, जाडी आम्ही भोकं पाडून मोजतो, पण झोप उडते ती वाऱ्याने. हे उत्तर बाबांना इतकं पटलं की परतीच्या वाटेवर त्यांनी ते मला दोनदा ऐकवलं. पुराच्या पाण्यात पूल वजनाने पडत नाही, खालून खरवडला जाऊन पडतो, हे त्यांचं आयुष्यभराचं सांगणं.

मैलभर चाललो. बर्फावरची वाट इतक्या पावलांनी तुडवून गुळगुळीत झालेली की बुटांच्या तळाला ताणून बसवलेले रबरी क्लीट्स नसते तर मी दहादा आपटले असते. आजूबाजूला बरेच जण आपटत होतेच. मधेच वाऱ्याने एकमेकींवर चढवलेल्या लाद्यांचा बांध लागला. फुटलेल्या कडा खांद्याएवढ्या उंच, आणि आतून निळ्या. बर्फ जाड आणि बुडबुड्यांविना असला की उजेडातला तांबडा भाग शोषून घेतो, निळा तेवढा सोडतो. अधूनमधून लांब कुठेतरी दणका व्हायचा आणि तो आवाज आमच्या पायाखालून किनाऱ्याकडे पळत जायचा. आवाज आला की सगळी ओळ क्षणभर थबके. मग कुणीतरी हसे, आणि पुन्हा चालणं सुरू. थंडीने लादी आवळली जाते, तडे जातात, त्याचा तो आवाज. आवाज करणारा बर्फ धोक्याचाच असतो असं नाही, हे मला माहीत होतं. पोटाला माहीत नव्हतं.

आणि मग कडा.

आपण सह्याद्रीतली माणसं. दगड म्हणजे काळा, एकसंध, छिन्नीला दाद न देणारा. हा दगड वेगळाच. तांबूस वालुकाश्म, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा, नद्यांनी आणून पसरलेल्या वाळूचा. यातला जो थर गुहांना सर्वांत सोयीचा पडला त्याला भूवैज्ञानिक डेव्हिल्स आयलंड फॉर्मेशन म्हणतात. पातळ पातळ पदर, अगदी चिरोट्यासारखे. पदरांच्या फटींतून पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, पदर सुटे होतात. खालून लाटा मारा करतात. वरचा भाग कमान होऊन उरतो. बाबांनी हातमोजा काढून दगडावर अंगठा घासला. अंगठ्यावर तांबडे कण आले. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, बोटांत चुरडले आणि म्हणाले, “बांधकामाला चालणार नाही.” पण चालला होता. याच परिसरातला, जरा जाड थरांचा वालुकाश्म एकोणिसाव्या शतकात बेटांवरच्या खाणींतून काढून जहाजांनी शिकागोपर्यंत गेला. तिथल्या श्रीमंतांना तांबडी घरं हवी होती. पुढे फॅशन बदलली, खाणी बंद पडल्या. हे मी सांगितलं तर म्हणाले, “मग त्यांनी थर बघून काढला असणार.” चूक कबूल करण्याची ही खात्यातली पद्धत.

कड्यावरचा बर्फ दोन वाटांनी येतो. एक खालून: हिवाळ्याच्या सुरुवातीला, तळं उघडं असताना, लाटांचे तुषार कड्यावर उडतात आणि उडाल्या जागी गोठतात. तो बर्फ जाड, गुळगुळीत, दगडाला चिकटलेला. दुसरा वरून: जंगलाच्या जमिनीतलं पाणी दगडाच्या पदरांतून पाझरत कड्याच्या तोंडाशी येतं आणि थेंबाथेंबाने लांबत जातं. त्याला रंग असतो. माती आणि दगडातून गाळून आलेला फिकट पिवळा, कुठे गंजासारखा तांबडा. एकाच भिंतीवर पिवळा, पांढरा आणि निळा बर्फ शेजारी शेजारी उभा असतो आणि त्यावरून पाणी कुठल्या वाटेने आलं ते सांगता येतं. एका कमानीखाली तर सुळे वरून आणि तळ्यावरचे उंचवटे खालून वाढत येऊन एकमेकांना मिळाले होते आणि त्यांचे माणसाच्या कंबरेएवढे जाड खांब झाले होते. त्यांच्यामागून जायला वाट होती, पण तिथे फार रेंगाळायचं नसतं. वरचा बर्फ कधी सुटेल याचा नेम नाही; दगडाचाही नाही.

एका गुहेचं तोंड इतकं बुटकं होतं की पोटावर सरपटत जावं लागे. माझा नवरा गेला, मी गेले. मागे वळून पाहते तर सत्तरीचे बाबा माकडटोपी सावरत बर्फावर आडवे झालेले. आत बसता येईल एवढीच जागा. डोळे अंधाराला सरावल्यावर दिसलं, छताला सुळा एकही नाही. सगळं छत पानांनी भरलेलं. नखाएवढी, बोटाएवढी पातळ बर्फाची पानं, प्रत्येकावर शिरा, एकमेकींवर तिरकी रचलेली. ही पाण्याची झालेली नव्हतीच. तळ्याच्या बर्फाखालून, फटीफटीतून दमट हवा वर येते, बाहेरची कोरडी थंडी दगडाला गारठवते, आणि वाफेचा थेट बर्फ होतो, मधे पाणी न होता. हलवणारं वारं आत येत नाही म्हणून पानं वाढत राहतात. नवऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्या श्वासाने चार-पाच पानं गळून माझ्या बाहीवर पडली. मोडली, पण वितळली नाहीत. आम्ही तिघंही मग तोंड मिटून, नाकाने, खाली मान घालून श्वास घेत राहिलो. मागे बाहेर रांग लागलेली, त्यामुळे फार वेळ बसता आलं नाही. आमच्या आधी किती जण आत येऊन गेले आणि छत आधी किती दाट होतं, हा विचार डोक्यात आल्यावाचून राहिला नाही.

बाहेर आल्यावर बाबांना त्यांच्या कामाची गोष्ट सापडली. कड्याच्या पायथ्याशी, भिंतीपासून हातभर अंतरावर, बर्फात एक फट कड्याला समांतर धावत होती. फटीच्या अलीकडची लादी पलीकडच्या तुकड्यापेक्षा दोन बोटं खाली. भिंतीला चिकटलेला बर्फ जागचा हलत नाही, पण मुख्य लादी तरंगती आहे. वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने तळ्याचं पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे हेलकावतं, त्यासरशी लादी वरखाली होते आणि सांधा तिथेच तुटतो. बाबा फटीच्या कडेला उकिडवे बसले. “हा एक्स्पान्शन जॉइंट,” म्हणाले; पुलाला हलायला जागा म्हणून मुद्दाम ठेवतात ती फट. “कुणी न ठेवता पडलेला. आता पटलं की हे तरंगतंय.” इतका वेळ त्यांना ते पटलेलं नव्हतं आणि तरीही ते दीड-दोन मैल चालत आले होते, हे मला तेव्हा कळलं.

गर्दीबद्दल बोललं पाहिजे. त्या दोन महिन्यांत सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गुहांना येऊन गेली. सोशल मीडियावरच्या फोटोंनी ही जत्रा भरवली, हे उघड आहे. शेजारचं कॉर्नुकोपिया म्हणजे शंभरेक वस्तीचं गाव. फेब्रुवारीत जिथे एरवी दुकानं जेमतेम उघडी असतात तिथे सूप संपत होतं, पेट्रोल संपत होतं, फिरत्या संडासांसमोर रांगा होत्या. आमच्या ओळखीतले काहीजण नाक मुरडतात: इतक्या लोकांत कसला निसर्ग! मला तसं नाही वाटलं. कुबड्या घेतलेली एक बाई, ढकलगाडीऐवजी प्लास्टिकच्या घसरगाडीत बांधलेली तान्ही मुलं, कुत्र्यांच्या पायांत मोजे, डेट्रॉइटहून रात्रभर गाडी चालवत आलेलं एक पंजाबी कुटुंब, आणि साताऱ्याचे माझे बाबा. कयाक वल्हवणं यातल्या निम्म्यांना जमलं नसतं. एरवी धडधाकट आणि पैसेवाल्या माणसांसाठी राखून ठेवलेली जागा त्या हिवाळ्यात सगळ्यांना चालत जाण्याजोगी झाली. छतावरची पानं गळली त्याचं वाईट वाटतं. पण ती दर थंडीत नवी येतात. गर्दीतला जो मनुष्य सुळ्यांना काठीने ठोकून पाडत होता, त्याच्याबद्दल मात्र माझ्यापाशी चांगला शब्द नाही.

जे आमच्यासाठी सहलीचं, ते जवळच राहणाऱ्यांसाठी रोजचं आहे. बेफील्ड गावासमोर मॅडलीन बेट. इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांचं हे फार जुनं, श्रद्धेचं ठिकाण. सरोवराला ते गिचिगामी म्हणतात, आणि त्यांची रेड क्लिफची वस्ती बेफील्डला लागूनच आहे. बेटावर बारमाही राहणारी माणसं आहेत, शाळकरी मुलं आहेत. उन्हाळ्यात फेरीबोट. बर्फ धरू लागला की बोट अडते, पण गाडी जाण्याइतका बर्फ अजून नसतो. त्या मधल्या दिवसांत विंडस्लेड चालते, मागे विमानासारखे पंखे लावलेली आणि बर्फावर नि पाण्यावर दोन्हीकडे चालणारी बंद होडी. मुलं त्यातून शाळेत जातात. आणि बर्फ पुरेसा जाड झाला की तळ्यावर रस्ता आखतात. दोन्ही बाजूंना खुणेसाठी नाताळ झाल्यावर टाकून दिलेली झाडं रोवतात. आम्ही संध्याकाळी तिकडेही गेलो. बाबांनी गाडीतून उतरून त्या रस्त्याकडे पाहिलं. समोरून एक पिकअप ट्रक आला, दिवे लावून, शांतपणे. “याचं टेंडर कोण काढतं?” एवढंच विचारलं. गाडीने पलीकडे जाऊ या का, यावर “नको” म्हणाले. दिवसभराचा विश्वास पायी चालण्यापुरता होता, चारचाकीसाठी तो पुरला नाही.

२०१५ साली गुहा पुन्हा उघडल्या, जेमतेम नऊ दिवस. त्यानंतरचे कितीतरी हिवाळे कोरडे गेले. थंडी नसते असं नाही. घरामागची तळी अजून गोठतात. पण मोठ्या तळ्याला लागते ती लांबलेली, न तुटणारी थंडी आणि पडलेला वारा, दोन्ही एका वेळी. सरोवरांवरचा बर्फ वर्षागणिक फार बदलतो: २०१२ला जास्तीत जास्त १३ टक्के, दोनच वर्षांनी ९२, २०२४ला पुन्हा १६च्या आसपास. त्यामुळे एका हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि २०१४चं उदाहरण देऊन ‘कुठे आहे तुमची तापमानवाढ’ म्हणणारे तेव्हा बरेच होते. पण मॅडलीनच्या फेरीबोटीला विचारा. जिथे हिवाळ्यात बोट बंद पडणं हे ठरलेलंच असे, तिथे अलीकडच्या काही हिवाळ्यांत ती एकही दिवस थांबली नाही. बर्फाचा रस्ता पडलाच नाही. बेटावरच्या माणसाला यात सोय दिसेल असं वाटतं, पण रस्ता फुकट असतो आणि बोटीला तिकीट असतं.

बाबा त्या एप्रिलमध्ये परत गेले. मेअखेरीस मी त्यांना मिशिगनमधल्या मार्केट नावाच्या शहराच्या किनाऱ्याचे फोटो पाठवले. पोहायच्या कपड्यांतली माणसं आणि मागे तरंगणारा बर्फ. तेव्हापासून सरोवरांच्या बर्फाचा सरकारी नकाशा कुठे बघायचा हे त्यांना कळलं आहे. साताऱ्यात सकाळचा चहा घेताना ते तो उघडतात. जानेवारीत मला फोन येतो आणि नातवाची चौकशी व्हायच्या आत अहवाल येतो. परवाच मी उत्साहाने सांगितलं की इकडे उणे पंचवीस आहे, यंदा बहुतेक गुहा उघडणार. पलीकडे जरा वेळ माउसचा आवाज.

“थंडी सोड,” बाबा म्हणाले. “शनिवारपासून दक्षिणेचा वारा दाखवतायत.”